ट्रंकेचा सीन

सगळ्यात आधी मावशीचं सांगतो. धसईच्या अलीकडच्या बौद्धवाडीतली ती मावशी, माझ्या नात्यातली नाही, गावातली नाही, जिल्ह्यातलीसुद्धा नाही. ती नसती तर मी, माझी बायको आणि मुलगी आज मुरबाड तालुक्यात नसतो, आणि जिथं असतो तिथं खाली मान घालून असतो. काय झालं ते मागाहून लिहितो. तेच आधी लिहिलं तर वाचणारा त्याच्यातच अडकतो आणि मावशी राहून जाते. मी तोंडी सांगतो तेव्हा दरवेळी असंच होतं. लोक म्हणतात, ‘हां हां, ती सिरियल!’ आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

मी हिंगोलीकडचा. आठवीतच शाळा सुटली. वडील गेले, आणि दोघा भावांपैकी एकालाच शिकवता येईल असं घरात ठरलं. धाकटा हुशार होता. मी रस्त्याच्या कामावरच्या एका टोळीबरोबर निघालो, शहापूरला उतरलो, तिथून किन्हवलीच्या रस्त्यावर खडी पसरत पसरत मुरबाडच्या अंगाला सरकलो. टोळी पुढं गेली, मी मागं राहिलो. इथं डोंगराच्या पायथ्याशी मुंबई-ठाण्याच्या लोकांनी फार्महाऊस बांधलेत. मालक येणार शनिवार-रविवारी, तेही जमलं तर. बाकीचे दिवस घर आमच्यासारख्याच्या ताब्यात. टाकी भरायची, झाडांना पाणी द्यायचं, मालक यायच्या आदल्या दिवशी गाद्या उन्हात टाकायच्या, साप निघाला तर न मारता हाकलायचा. मी एका साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायचो. हळूहळू शेजारपाजारच्या बंगल्यांच्याही चाव्या माझ्याकडं आल्या. या कामात पगार किती हे कुणी विचारत नाही. ‘तुझ्याकडं कुणाकुणाच्या चाव्या आहेत?’ असं विचारतात. त्यावरून माणूस जोखतात.

साहेबांनी एके वर्षी बंगला शूटिंगला दिला. एका विनोदी नटाची सिरियल होती. नाव लिहीत नाही, पण तुम्ही त्यांना ओळखता. त्या सिरियलमध्ये ते स्वतःचंच काम करत होते. म्हणजे नाव तेच, धंदा तोच, जुन्या कार्यक्रमांचे फोटोही भिंतीवर खरेच. फक्त सिरियलमधल्या त्या माणसाला काम मिळेनासं झालेलं, आणि तो ‘शांततेसाठी गावी आलोय’ असं सगळ्यांना सांगत फिरतोय. खोटं बोलणारा, चिकट, बायकोला फसवणारा. बायकोच्या जागी एक नटी होती.

युनिटचा स्वयंपाक मावशी करायची. ती परातीत पीठ मळता मळता बघायची. एकदा तिने मला विचारलं, ‘म्हंजे हा खरा हाय का खोटा हाय?’ मी म्हटलं, नाव खरं, बाकी खोटं. ती म्हणाली, ‘मंग नावाचं काय होईल रे?’ मी तेव्हा हसलो.

त्या नटांना आम्ही सर म्हणायचो. खऱ्या आयुष्यात सर फार चांगले होते, हे लिहिलंच पाहिजे. आमच्या पंगतीत बसून मावशीचा भात खायचे. माझ्या मुलीला ‘ताई’ म्हणायचे, तिच्यासाठी एकदा रंगपेटी आणली. कॅमेरा लागला की तोच माणूस तोंड वाकडं करून नोकरावर खेकसायचा, आणि सीन संपला की त्याच नोकराला ‘लागलं नाही ना?’ विचारायचा.

एके दिवशी डायरेक्टर मला म्हणाले, बंगल्याच्या वॉचमनचं काम तूच कर. ‘ॲक्टिंग करू नको. तू तूच राहा. सगळे इथं आपापलेच आहेत.’ सीन असा होता की नवीन मालक, म्हणजे सर, वॉचमनला विचारतो, तू कोण? मी हात जोडून सांगितलं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले की असंच एका दमात सांगायला शिकवलेलं. माझ्यात शाळेचं तेवढंच उरलंय. सगळे हसले, चांगलं हसले, आणि डायरेक्टर म्हणाले, हेच ठेवा, अख्खं ठेवा. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. वडिलांचं नाव कधी सात-बारावर नीट लागलं नाही, ते आता टीव्हीवर लागणार होतं.

मग तो ट्रंकेचा सीन आला. सिरियलमधल्या नटाचं एक सन्मानचिन्ह घरातून गायब होतं. तो वॉचमनवर संशय घेतो, त्याच्या खोलीत घुसतो आणि त्याची ट्रंक उपडी करतो. खोली माझीच वापरली, ट्रंकही माझीच. बायकोने आधी नको म्हटलं, मग चांगल्या साड्या काढून ठेवते म्हणाली, तर डायरेक्टर म्हणाले, असू दे गं, जे आहे ते असू दे. ती बाहेर मावशीजवळ जाऊन उभी राहिली. सरांनी ट्रंक उचलून उलटी केली. लुगडी पडली, मुलीचा जन्माचा दाखला पडला, बायकोच्या आईचा फोटो पडला. सर ओरडले, माझं पूर्ण नाव घेऊन, वडिलांच्या नावासकट, मुक्काम पोस्टासकट, आणि शेवटी ‘चोर’. मला पाठ केलेलं एक वाक्य बोलायचं होतं. ते आठवेना. हात लटकले, ओठ कापायला लागले, आणि मी नुसता उभा राहिलो. ‘कट’ म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका टेकमध्ये झालं. सरांनी मला मिठी मारली. मी खरोखर घाबरलो होतो, हे त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि ते आवडलं असेल. बाहेर मावशी बायकोला म्हणाली म्हणे, ‘आता कपडे घडी घालायला कोन येनार हाय?’ आणि ती स्वतः आत आली, दोघींनी मिळून ट्रंक भरली.

एपिसोडच्या शेवटी कळतं की ते सन्मानचिन्ह नटानेच भंगारात विकलेलं असतं. त्याला माहीत असतं, तरी तो वॉचमनला चोर म्हणूनच घर सोडून जाऊ देतो, आणि रिकाम्या घरात एकटा बसून राहतो. चांगला शेवट होता. ज्यांनी पूर्ण बघितला ते असं म्हणाले.

पण पूर्ण कोण बघतं. ट्रंक उलटी होते तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरला. खाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली होती.

गावी भावाच्या घरी गल्ली जमली होती टीव्ही बघायला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मला वाटलं कौतुक करील. ती म्हणाली, ‘त्यानं तुझ्या बापाचं नाव घेऊन तुला चोर म्हणलं अन् तू तसाच उभा राहिलास व्हय?’ मी समजावलं, आई, ते नाटक होतं. ‘नाव तर नाटकातलं नव्हतं,’ ती म्हणाली. भाऊ फोनवर आलाच नाही. गावात पतसंस्थेत नोकरी आहे त्याची. तिथं लोक त्याला काय म्हणाले असतील ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. गावी परत जाण्याची वाट तेव्हाच अर्धी बुजली.

इकडं चाव्या जायला लागल्या. भांडून नाही, फार गोडीत. एका बाई ठाण्याहून आल्या, म्हणाल्या, आता आमचा भाचाच येऊन राहणार आहे. भाचा कधी आला नाही. एकांनी कुलूप बदललं आणि नवीन चावी द्यायचं विसरले. मी आठवण केली तर म्हणाले, ‘अरे, तसं काही नाही रे. आम्हाला माहितीये ते सगळं खोटं आहे.’ मला तेच कळेना. माहीत आहे, तर मग? मुरबाडच्या स्टँडजवळ मी ज्याच्याकडून सामान घ्यायचो तो दुकानदार मला बघितलं की गल्ल्यावर हात ठेवायचा आणि हसायचा. गंमत करत होता, वाईट माणूस नाही तो. मीही हसायचो. पण दरवेळी हात ठेवायचा. शाळेतली पोरं माझ्या मुलीला म्हणायची, ‘ट्रंक उघड, ट्रंक उघड.’ ती घरी येऊन विचारायची, पप्पा, आपण ट्रंकेत काय ठेवलंय?

दिवाळीच्या आधी शेजारच्या बंगल्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. त्या बंगल्याची चावी तेव्हा माझ्याकडं नव्हतीसुद्धा. तिथले मालक आमच्या साहेबांना घेऊन आले. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘एकदा बघू दे फक्त. म्हणजे आमच्याही मनात राहणार नाही.’ आणि त्यांनी पहिल्यांदा काय उघडलं असेल, तर ट्रंक. विहिरीवरची मोटर त्या ट्रंकेत मावत नाही. दोघे मिळून उचलावी लागते ती. हे त्या दोघांना कळत नव्हतं असं नाही. पण खोलीत शिरल्यावर त्यांचे डोळे तिकडंच गेले, कारण ती त्यांनी आधी बघितलेली होती. लुगडी पुन्हा खाली आली. मी बघितलं तर माझे हात तसेच लटकले होते, ओठ तसेच कापत होते, जसे टीव्हीवर. त्यांनाही ते दिसलं असणार. या वेळी मी काय बोललो असतो तर खरं वाटलं असतं? मी अजून विचार करतो.

मोटर माझ्याकडं मिळाली नाही. आजवर कुठंच मिळालेली नाही. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर दुसरीकडं सोय बघ.

सरांचं युनिट तेव्हा शहापूरच्या पुढं एका रिसॉर्टमध्ये होतं. मी एसटीने गेलो. सरांनी कामं थांबवली, मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि ते पाणी खरं होतं, मी जवळून बघितलं. तिथल्या तिथं त्यांनी मोबाईलचा कॅमेरा लावून घेतला आणि त्यात बघून गंभीरपणे बोलले, की हा माणूस प्रामाणिक आहे, याच्या पोटावर पाय आणू नका, सिरियलमध्ये जे दाखवलं ते आम्ही लिहिलेलं होतं. मी त्यांच्या पाया पडलो. परत येताना बसमध्ये मी किती दिवसांनी झोपलो.

तो व्हिडिओ लोकांना पहिल्यापेक्षा जास्त आवडला. त्यांना वाटलं पुढच्या एपिसोडची जाहिरात आहे. काय चेहरा ठेवलाय, म्हणाले. ‘आता काय चोरलं?’ असं शेकडो लोकांनी लिहिलं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘मी खरंच बोललो रे. माझंच कुणी खरं धरत नाही. घरी मला ताप आलाय म्हटलं तरी बायको आधी तोंडाकडं बघते.’ त्यांना दोष देत नाही मी. त्यांच्याकडं जे होतं ते त्यांनी दिलं. त्याचा उपयोग होत नव्हता एवढंच.

बायको सामान बांधायला लागली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. हिंगोलीला भावाच्या दारात जायचं तर तोंड कुठलं घेऊन, आणि मुलीची शाळा अर्ध्यावर. माझी जशी सुटली तशी तिची सुटणार, हे मला दिसत होतं. कुणी मोटरसायकल थांबवली तरी वाटायचं, आले पुन्हा तपासायला.

धसईच्या बाजाराच्या दिवशी मी कामाची चौकशी करायला गेलो होतो. भाताच्या गोण्या उतरवायला माणसं लागतात का, विचारत होतो. लोक ‘बघू’ म्हणत होते. तेवढ्यात भाजीवाल्यांच्या रांगेतून मावशीने हाक मारली. ती मला नावाने हाक मारत नाही, गावाने मारते.

‘ए हिंगोली, इकडं ये रे.’

गेलो. तिने कमरेची चावी काढली. आजूबाजूला तिच्या वाडीतली माणसं होती, डोंगरातल्या पाड्यांवरून काकड्या-भोपळे घेऊन आलेली होती, मुरबाडच्या गाडीची वाट बघणारी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मी चालले वाशिंदला, सुनेचे दिस भरलेत. घर तू बघ. कणगी भरलीय, उंदीर लागू देऊ नको. मांजर म्हातारी हाय, तिला दूध घाल. नुसता भात ती खात नाय.’

कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची, शेणाने लिंपलेली कोठी. तिच्यात तिचं वर्षाचं सगळं भात होतं, नुकतंच झोडून भरलेलं. मुलगा वाशिंदला कारखान्यात, तिकडंच खोली घेऊन राहतो. इकडं ती एकटीच शेत करते.

शेजारचा एक भाजीवाला म्हणाला, ‘मावशे, टीव्ही नाय बघत काय तू? याची ट्रंक तपास आधी.’ दोघे-तिघे हसले.

‘ट्रंक मीच भरली रं ती. शूटिंगला मीच होते तिथं,’ मावशी म्हणाली. ‘चार लुगडी नि पोरीचा दाखला. तुझी आण एकदा बाजारात, बघू दे आमाला काय काय हाय त्यात.’

आता हसले ते त्याला. मावशी हसली नाही. माझा हात पुढं होईना. मी हळू म्हटलं, मावशी, काही कमी-जास्त झालं तर?

‘झालं तर माझं होईल. हात कर पुढं.’

ती गाडीत बसून गेली. आम्ही तिघं तिच्या घरी राहायला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तिची भांडी चकचकीत लावलेली. पुढं काही कमी निघालं असं कुणी म्हणू नये म्हणून बायकोने एकाही भांड्याला हात लावला नाही, आमची भांडी वेगळी ठेवली. मला रोज वाटायचं, आज काहीतरी होणार, आग लागेल, कुणी मुद्दाम काही उचलून नेईल, आणि मावशीचा शब्द माझ्यामुळं मातीत जाईल. वाडीतले एक म्हातारे बाबा रोज सकाळी ‘सहज’ यायचे, कणगीवरून एक हात फिरवायचे, चहा घ्यायचे. मी त्यांना रागावलो नाही. पुढं पुढं ते हात फिरवायचं विसरायला लागले, नुसते चहा घ्यायचे. मग शेजारचं एक घर शहापूरला लग्नाला गेलं, तर जाताना शेळ्या आमच्या दारात बांधून गेलं. बायको त्या दिवशी शेळ्यांना पाला घालता घालता रडली.

मावशी मात्र लवकर परत आली. फारच लवकर. मी विचारलं, नातू की नात? ‘नात,’ म्हणाली आणि मांजरीला शोधायला लागली. आमच्याकडून पाणीसुद्धा आधी घेतलं नाही. कणगी उघडून बघावी म्हणून मी मागं लागलो, तर मलाच ओरडली.

खरं काय झालं ते बायकोने तिच्याकडून पुढं थोडं थोडं काढून घेतलं. चावी मला दिलीय हे वाशिंदला मुलाला कळलं. त्याने तो तुकडा बघितला होता, कारखान्यात सगळ्यांनी बघितला होता. तो आईला म्हणाला, आत्ताच्या आत्ता जा आणि त्याला बाहेर काढ. ती म्हणाली, दिलेली चावी मी मागत नाय. शब्द वाढत गेला. सून दवाखान्यातून घरी यायच्या आतच मुलाने आईला वाशिंदच्या स्टँडवर आणून सोडलं. नातीला तिने एकदाच, दवाखान्यात, काचेतून बघितलं. नाव ठेवायला मुलाने तिला बोलावलं नाही. नाव काय ठेवलं, ते तिला वाडीतल्या दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

आता आम्ही मावशीच्या मागच्या पडवीत राहतो. बंगला गेला, साहेबांनी दुसरा माणूस ठेवला. धसईच्या भात गिरणीवर मला काम मिळालं, कारण गिरणीवाला त्या दिवशी बाजारात उभा होता. मुलगी त्याच शाळेत जाते. पोरं अजून अधूनमधून ‘ट्रंक उघड’ म्हणतात, आणि ती आता उलटून मावशीसारखंच काहीतरी बोलते. सिरियलचा पुढचा भाग निघाला तेव्हा मला पुन्हा बोलावणं आलं. मी नाही म्हटलं. सर फोनवर म्हणाले, ‘बरं केलंस.’

पण मावशीच्या घरात फोन वाजत नाही. ती संध्याकाळी ओट्यावर बसते, वाशिंदकडून येणाऱ्या गाडीतून कोण उतरतं ते बघते, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की तांदूळ निवडायला घेते. मी एकदा म्हटलं, मावशी, आम्ही जातो दुसरीकडं, मग तरी तो येईल. तिने माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी तिला न सांगता एकदा वाशिंदला जाऊन आलो. तिचा मुलगा जिन्यावरच भेटला. मला बघून आधी त्याच्या तोंडावर हसू आलं, टीव्हीवरच्या माणसाला बघून येतं तसं. मग ओळख पटली आणि ते गेलं. ‘आता माझ्या घरापण आलास?’ म्हणाला आणि दार लावून घेतलं. आतून लहान मूल रडल्याचा आवाज आला. मी जिन्यावर थोडा वेळ उभा राहिलो आणि परतीची गाडी धरली.

तो वाईट नाही. माझं नाव ऐकून माझ्या सख्ख्या भावाने जे केलं तेच त्याने केलं. मी पुन्हा जाणार आहे. पावसाळा संपला की जाईन, त्याच्या पुढच्या सुट्टीला जाईन, तो बोलेपर्यंत जाईन. मावशीचं मी दुसरं काय फेडणार? ती पैसे घेत नाही आणि उपकार हा शब्द काढला तर उठून जाते. पण एवढं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही: मावशी, तुझी नात मी एक दिवस या ओट्यावर तुझ्या मांडीवर आणून ठेवीन.